शाखा कुठलीही घ्या, प्रश्न गावचा घ्या

बारावीचा निकाल लागला की शिरूर-दौंडच्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. मार्क भरपूर असतील तर मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंग, जरा कमी असतील तर बी.एस्सी., त्याखाली कॉमर्स आणि कुठंच जमलं नाही तर आर्ट्स. ही उतरंड कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. अशा घरातली एखादी मुलगी पुढं एम.ए. होऊन म्हणाली, ‘मला इतिहासात पीएचडी करायची आहे,’ तर पहिला प्रश्न येतो, ‘करून काय मिळणार?’

कर्ज काढून मुलांना शिकवणाऱ्या आईबापांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. मात्र या प्रश्नाचं उत्तर नोकरीच्या जाहिरातीत शोधण्याआधी आपल्याच दोन तालुक्यांत शोधावं, असं मला वाटतं. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठावर गेली दोनशे वर्षं नाना विषयांचे अभ्यासक येऊन गेले. काही इथंच राहिले. त्यांनी काय शोधलं आणि त्यासाठी किती वेगवेगळी शास्त्रं लागली, हे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. गावाचा कुठलाही खरा प्रश्न एका विषयात मावत नाही. आणि तसं असेल, तर कुठला विषय वरचा आणि कुठला खालचा, हे आपण कशाच्या आधारावर ठरवतो?

इनामगावापासून सुरुवात करू. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर हे गाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, बरेच हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी जवळजवळ नऊशे वर्षं इथं शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरं आणि अडीचशेच्या वर दफनं सापडली. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं फार मोठं ज्ञान या एका पांढरीतून आलेलं आहे.

पण हे सगळं ‘इतिहासवाल्यांनी’ शोधलं, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. वस्तीचं वय ठरवायला कोळशातला किरणोत्सारी कार्बन मोजावा लागला. ते काम पदार्थविज्ञानाचं. जळालेले दाणे कुठल्या धान्याचे, हे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी सांगितलं. त्यांच्यामुळं कळलं की तेव्हा इथं जव हे मोठं पीक होतं आणि त्याच्या जोडीला गहू, मसूर, कुळीथ अशी पिकं होती. हाडं बैलाची, शेळीची की हरणाची, हे प्राणिशास्त्र जाणणाऱ्यांनी ओळखलं. नदीनं पात्र कसं बदललं, पूर कुठवर आले, हे भूरूपशास्त्रानं तपासलं. माणसांचे सांगाडे आणि दात अमेरिकेतले जॉन लुकाक्स आणि पुण्याचे सु. रं. वाळिंबे यांनी अभ्यासले. त्यावरचा स्वतंत्र ग्रंथ १९८६ साली निघाला. दातांची कीड मोजून त्या माणसाच्या ताटात धान्य किती होतं याचा अंदाज बांधता येतो, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असेल?

इनामगावच्या लोकांनी मातीत दगड घालून बंधारा घातला होता आणि पुराचं पाणी वळवायला चर खोदला होता. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. यावरून गावात एखादा प्रमुख असावा आणि धान्य त्याच्याकडे जमा होत असावं, असा तर्क अभ्यासकांनी केला. घरातल्या जमिनीखाली लहान मुलांना दोन कुंभांची तोंडं एकमेकांना जोडून पुरलेलं होतं. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आढळले. असं का केलं असेल, याचा विचार करायला मानववंशशास्त्र लागतं, धर्माचा अभ्यास लागतो.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हे गाव उतरणीला लागलं. चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवरचा भर वाढला. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी झाला, हवामान कोरडं पडलं आणि त्यामुळं लोक मोडले. पुढं ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन अभ्यासक बाईंनी इनामगाव, नेवासा आणि दायमाबाद इथल्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०११ साली आलं. मुलांची वाढ खुंटलेली होती, हे त्यांना हाडांत दिसलं. पण दुष्काळ हे एकच कारण पुरेसं नाही, असं त्यांनी मांडलं.

दोन विद्वानांचं जमलं नाही म्हणून हा अभ्यास वाया गेला, असं समजू नका. उलट इथंच संशोधनाची खरी किंमत कळते. एकानं पुराव्यावर काही सांगितलं, दुसऱ्यानं वेगळा पुरावा काढून ते पारखलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांची उपासमार आणि त्या काळचं हवामान यांचा वाद आज शिरूरच्या माणसाला का महत्त्वाचा? कारण पाऊस लांबला की आपणही सगळं खापर पावसावर फोडतो. पीक कुठलं घेतलं, पाणी कसं वाटलं, जमिनीला विश्रांती दिली का, हे प्रश्न मागे राहतात. इनामगावच्या पांढरीतून निघालेला वाद आपल्याला तेच विचारतो.

आता जातेगाव बुद्रुक. शिक्रापूर परिसरातलं हे गाव अर्थशास्त्राच्या ग्रंथालयात जगभर पोचलेलं आहे, हे तिथल्या बऱ्याच तरुणांच्या कानावर नसेल. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान मूळचे रसायनशास्त्राचे. आधी आसामात चहाच्या मळ्यांच्या प्रश्नांवर काम केलेले. पुण्यात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मातीचं पृथक्करण करून शेतकऱ्याचं दुखणं कळत नाही. मग त्यांनी एकेक गाव घेऊन जमीन, विहिरी, गुरं, पिकं, वाटण्या, कर्ज, मिळकत आणि खर्च असा सगळा जमाखर्च मांडला. १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९२१ साली ना. वि. कानिटकरांच्या सोबत केलेला जातेगाव बुद्रुकचा. जिरायती गावात साधारण वर्षीही बहुतेक कुटुंबांचं निव्वळ शेतीवर भागत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आज पिंपळे सौदागरात शेत शोधूनही सापडत नाही. तिथली शंभर वर्षांपूर्वीची शेती कशी होती, हे सांगायला मानचं पुस्तकच उरलं आहे. जातेगावचंही उद्या तसंच होऊ शकेल.

एका रसायनशास्त्रज्ञाला कुळाच्या कर्जाचा हिशेब मांडावा लागला, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. त्यानं आपला विषय सोडला नाही. प्रश्नच त्याला दुसऱ्या विषयात घेऊन गेला.

कर्जाचाच विषय निघाला तर कर्डे गावाची आठवण ठेवायला हवी. तेही शिरूर तालुक्यातलं. १८७४ च्या डिसेंबरात तिथं एका सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवून एका शेतकऱ्याच्या घरावर जप्ती आणली. गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. पुढं १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी कर्जखतं आणि रोखे जाळले आणि दंगा पसरला. सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. आजच्या दौंड-बारामतीचा बराच मुलूख त्याच तालुक्यात मोडायचा. सरकारनं आयोग नेमला, साक्षी घेतल्या, मोठा अहवाल झाला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

या घटनेवर इतिहासकार अजूनही भांडतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाचे भाव चढले आणि मग कोसळले, त्याचा हा परिणाम, असं काहीजण म्हणतात. सारावाढीकडे सरकारनं मुद्दाम डोळेझाक केली आणि सगळा दोष सावकारावर ढकलला, असं दुसरे म्हणतात. नील चार्ल्सवर्थ यांनी तर १९७२ साली लिहिलं की या दंग्यांना जेवढं मोठं केलं गेलं, तेवढे ते मोठे नव्हतेच. यातलं कुठलं खरं, हे ठरवायला अर्थशास्त्र, कायदा, कापसाचा जागतिक बाजार आणि मोडी कागद वाचता येणं, या सगळ्याची गरज पडते. शेवटची गोष्ट अधोरेखित करतो, कारण त्या काळची खतं, वाटणीपत्रं, इनामाचे कागद आपल्यातल्या कित्येकांच्या घरी अजून पेटीत पडून आहेत. मोडी वाचणारा कुणी नाही म्हणून ते वाळवीला जातात.

भूतकाळ पुरे झाला असं वाटत असेल, तर बिबट्या घ्या. शिरूर आणि दौंडच्या उसात रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला हा विषय समजावून सांगायची गरज नाही. जनावरं गेली, माणसंही गेली. अशा वेळी ‘पकडा आणि दूर नेऊन सोडा’ हा उपाय सगळ्यांना सरळ वाटतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागातल्या नोंदी तपासल्या. २००१ नंतर तिथं बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला होता. त्या काळात माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, वाढले. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन वर्षं आधी, शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, तर तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्यालाच ‘आजोबा’ म्हणतात. त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. सोडलेला बिबट्या आपण सोडू तिथं राहत नाही, हे त्यानं दाखवून दिलं.

आता सांगा, हा प्रश्न फक्त प्राणिशास्त्राचा आहे का? ऊस बारमाही कसा झाला, हा शेतीशास्त्राचा आणि पाटबंधाऱ्यांच्या राजकारणाचा प्रश्न. शेतीपंपाची वीज रात्री का येते, हा विजेच्या अर्थकारणाचा. ऊसतोड मजुरांच्या कोप्या फडाच्या कडेलाच का असतात, त्यांच्या मुलांवर लक्ष कोण ठेवतं, हा समाजशास्त्राचा. गावात उकिरडे आणि मोकाट कुत्री का वाढली, हा ग्रामपंचायतीच्या कारभाराचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काय बसतं, हे वकिलानं सांगायचं. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराची भीती समजून घ्यायला मानसशास्त्र लागेल. यातला एक जरी वगळला, तरी उपाय लंगडा पडतो.

एका जागी बसून अनेक विषयांना कामाला लावणारी माणसंही इथं झाली. पाबळचं उदाहरण जवळचं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत पीएचडी केलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात आले आणि विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत नापास झालेल्या मुलांनी हातानं काम करत विज्ञान शिकावं, हा त्यांचा आग्रह. जमिनीखालचं पाणी शोधायला विद्युत रोध मोजणं, कमी खर्चात घुमटाकार घरं बांधणं, जोडकाम, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं एकाच आवारात चालू झालं. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीनं आपल्या संस्थेबाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवायच्या कार्यशाळा, काढल्या, त्यातली एक पाबळला आली. हेच पाबळ मस्तानीच्या समाधीसाठीही ओळखलं जातं. एका गावात इतिहासाला आणि यंत्रशास्त्राला दोघांनाही काम आहे.

दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी याहून आधी असंच केलं. संस्कृताच्या त्या पंडिता. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेलं. अमेरिकेत जाऊन तिथल्या लोकजीवनावर त्यांनी १८८९ साली मराठीत पुस्तक लिहिलं. दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवांना त्यांनी केडगावला आणलं, शेती, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याबद्दल कुणाचं काही मत असो, पण त्यांच्या कामावर आज भाषाशास्त्र, स्त्री-अभ्यास, दुष्काळाचा इतिहास आणि छपाईचा इतिहास अशा चारही बाजूंनी संशोधन होतं. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. केडगाव स्टेशनवर रोज उतरणाऱ्या किती मुलामुलींनी त्यातला एखादा हातात घेतला असेल?

आणि नदी? १८२४ साली विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारनं दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. त्यानं लोकसंख्या, पिकं, पक्षी आणि मासे यांच्या नोंदी केल्या. पुण्याच्या पूर्वेला, म्हणजे आपल्या दिशेला, मुळा-मुठेत सापडलेल्या एका महाशीर माशाला त्यानं शास्त्रीय नाव दिलं, ते ‘खुद्री’ हा त्या माशाचा इथला शब्द घेऊन. आज त्याच पाण्यात पुण्याचं सांडपाणी येतं आणि पुढं भीमेतून उजनीला जातं. साइक्सनं नोंदवलेल्या माशांपैकी आता कुठले उरलेत, हे शोधायला मासे ओळखणारा लागेल, पाणी तपासणारा रसायनशास्त्रज्ञ लागेल आणि जाळं टाकणाऱ्या भोयाची आठवण लिहून घेणाराही लागेल. यातली शेवटची व्यक्ती बहुधा आर्ट्सचीच असेल.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता थेट बोलतो.

आईबापांना सांगणं हे, की मुलगा किंवा मुलगी कुठल्याही विषयात संशोधन करायचं म्हणाली, तर ‘कशावर करणार?’ हे आधी विचारा. विषय कुठल्या शाखेचा आहे यापेक्षा प्रश्न खरा आहे का, हे बघा. ‘मराठी कादंबरीतील निसर्गचित्रण’ अशा पन्नास वेळा झालेल्या विषयावर पाच वर्षं घालवण्यापेक्षा ऊसतोड कामगार बायकांच्या ओव्या गोळा करणं कितीतरी कामाचं. संगणकशास्त्रात एखाद्या परदेशी आकडेवारीवर प्रयोग करण्यापेक्षा घोड धरणाच्या लाभक्षेत्रातल्या विहिरींची पाणीपातळी मांडणं जास्त उपयोगाचं. घरच्या पैशाचा विचारही करा. पीएचडीला पाठ्यवृत्ती मिळते का, मार्गदर्शक वेळ देतो का, हे प्रवेशाआधी विचारून घ्यायला लाजू नका.

विद्यार्थ्यांना सांगणं हे, की आपल्या विषयाची भिंत ओलांडायला घाबरू नका, पण आपला विषय आधी पक्का करा. मान आधी चांगला रसायनशास्त्रज्ञ होता, म्हणून तो जमाखर्चातही नेमका राहिला. कामाला लागण्याआधी आपल्या गावावर कुणी काय लिहिलंय ते वाचा. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८५ सालचं आहे आणि ते आता इंटरनेटवर फुकट मिळतं. देशभरातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर वाचता येतात. तिथं आपल्या तालुक्याचं नाव टाकून बघा. कदाचित शेजारच्या कॉलेजातल्या मॅडमनी तुमच्याच गावच्या दूधसंस्थेवर प्रबंध लिहिलेला सापडेल. आणि पैसे देऊन लिहून घेतलेला प्रबंध, पैसे भरून छापलेला लेख यांच्या वाटेला जाऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली उचलेगिरीबद्दल नियम केले आहेत. नियम नसते, तरी दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून देणं ही चोरीच.

शेतकरी बंधूंना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती. शेताकडेला पांढर असेल, खापरं निघत असतील, तर ती माती जेसीबी लावून शेतात टाकायच्या आधी तालुक्याच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या शिक्षकांना दाखवा. नाणी, मूर्ती, ताम्रपट असं काही मिळालं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवून ठेवलेलं किंवा विकलेलं नाणं इतिहासाला काहीच सांगू शकत नाही, कारण ते कुठं आणि कशासोबत सापडलं हेच हरवतं. घरात मोडी कागद असतील तर निदान त्यांचे मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असे कागद सांभाळतंय. तिथं चौकशी करा. मूळ कागद द्यायचा नसेल तर देऊ नका, पण तो वाचून तरी घ्या.

कुणी वही घेऊन दारात आलं आणि कर्ज, पिकं, आजार विचारू लागलं, तर त्याला बसवून घ्या, पण तुमचे प्रश्नही विचारा. कुठल्या संस्थेकडून आलात? ही माहिती कुठं जाणार? माझं नाव छापणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, निष्कर्ष आम्हाला मराठीत कळवणार का? जो या प्रश्नांची सरळ उत्तरं देतो त्याला मोकळेपणानं खरं सांगा. अनुदान मिळेल या आशेनं उत्पन्न कमी सांगितलं किंवा प्रतिष्ठेपोटी कर्ज लपवलं, तर त्या आकड्यांवर उद्या जी योजना बनेल ती आपल्यालाच नडेल.

प्राध्यापक आणि संशोधक मंडळींना एक तक्रारवजा विनंती. आमच्या गावावर केलेला प्रबंध इंग्रजीत बांधून ग्रंथालयात ठेवला की तुमचं काम संपत नाही. दहा पानांचा मराठी सारांश करा, ग्रामपंचायतीला द्या, शाळेत येऊन तासभर बोला. मानचं जातेगाव ऑक्सफर्डच्या छापखान्यातून बाहेर पडलं. ते जातेगावच्या शाळेत कुणी शिकवलं तर त्या मुलांना आकडेवारी म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आणि आपल्याच कॉलेजात इतिहासाचा विभाग आणि रसायनशास्त्राचा विभाग एका जिन्यावर असून एकमेकांशी बोलत नसतील, तर आधी तिथून सुरुवात करा. नदीच्या पाण्यावर, बिबट्यावर किंवा गावाच्या जुन्या पांढरीवर दोन विभागांनी मिळून एक प्रकल्प घेतला, तर विद्यार्थ्यांना जे कळेल ते कुठल्याच एका पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

ग्रामपंचायतींच्या हातात तर कायद्यानंच एक साधन दिलेलं आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. गावातली झाडं, पिकांचे जुने वाण, मासे, पाखरं, औषधी वनस्पती आणि त्यांची माहिती असलेली माणसं यांची त्यात नोंद व्हायची असते. अशी वही नुसती दप्तरापुरती भरली, तर तिचा काही उपयोग नाही. ती शाळेतल्या मुलांनी, मेंढपाळांनी, भोयांनी, वैदूंनी आणि शेतकरी बायकांनी मिळून भरली, तर तेच तुमच्या गावचं संशोधन होईल, आणि त्याला कुठल्याही पदवीची अट नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. आपल्या गावची नोंदवही कुठं आहे, ती कुणी भरली आणि शेवटची नोंद कधी झाली, हे ग्रामसेवकांना विचारा. वही नसेल तर समिती नेमा, आणि त्या समितीत एक शिक्षक, एक शेतकरी, एक मेंढपाळ आणि कॉलेजात शिकणारी दोन मुलं घ्या, एक सायन्सचं आणि एक आर्ट्सचं.